रॅम वाढवूनही डेटाबेस सर्व्हर परत परत मंद होतो तेव्हा

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की मला ठरलेला फोन येतो. "दादा, परत गोल फिरायला लागलं." रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार सोसायटीच्या आवक-काउंटरवर बसणाऱ्या ताईंचा. बाहेर टेंपो लागलेले, हापूसच्या पेट्या उतरताहेत, आणि जी पावती एरवी दोन सेकंदांत निघते तिला चाळीस सेकंद लागताहेत. उन्हात टेंपोवर राहिलेला माल तापतो, त्यामुळे ही तक्रार मी कधीच हलक्यात घेतलेली नाही.

तीन हंगामांत ही तक्रार मला पाच-सहा वेळा आली. शब्द बहुतेक वेळा तेच, कारण मात्र बहुतेक वेळा वेगळं निघालं. आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हणालंच, "अजून रॅम टाकूया." चिपळूणच्या पतपेढीत, देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये, मालवणच्या हॉटेलात, मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात, जिथे जिथे एखादा डेटाबेस सर्व्हर कोपऱ्यात उभा आहे तिथे हेच वाक्य ऐकू येतं. म्हणून काय काय झालं आणि काय तपासलं ते क्रमानं लिहितो. आमच्याकडे लिनक्सवर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस आहे. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत आणि अंडरस्कोरसह तशीच टाकायची.

रॅम बसली, पण डेटाबेसला कोणी सांगितलंच नाही

सर्व्हरला आधी ८ जीबी रॅम होती. कमिटीच्या सभेत विषय मांडून तिच्या जागी १६ जीबीच्या दोन पट्ट्या मंजूर करून घेतल्या, म्हणजे एकूण ३२ जीबी. पैसे बागायतदारांचे, त्यामुळे मंजुरी घेताना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की फरक पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर उभा राहून पाहिलं, तर फरक शून्य. पावतीला तेच चाळीस सेकंद.

तेव्हा पहिल्यांदा जे पाहायला हवं होतं ते पाहिलं. मायएसक्यूएलला विचारलं की इनोडीबी_बफर_पूल_साइज किती आहे. (इनोडीबी म्हणजे टेबलं साठवणारं मायएसक्यूएलचं इंजिन.) उत्तर आलं १३४२१७७२८. हा आकडा बाइट्समध्ये असतो. म्हणजे बरोबर १२८ एमबी. प्रोग्राम बसवल्यापासूनचा मूळ आकडा, कोणीच न बदललेला. यंत्रात ३२ जीबी आणि डेटाबेसच्या हाताशी १२८ एमबी, अशी ती अवस्था होती.

बफर पूल म्हणजे डेटाबेसनं स्वतःसाठी राखून ठेवलेली मेमरी. टेबल आणि इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, डिस्कवर १६ केबीच्या पानांत साठवलेले असतात. लागेल ते पान आधी इथे शोधलं जातं, नाही सापडलं तर डिस्कवर जावं लागतं. १२८ एमबीत अशी ८१९२ पानं मावतात. आमचा डेटा इंडेक्ससकट १८ जीबी होता. सोसायटीच्या मागच्या गोदामाला आपण कितीही खण वाढवले आणि काउंटरवरच्या माणसाला चारच पेट्यांची जागा आखून दिली, तर पाचव्या पेटीसाठी त्याला उठून मागे जावंच लागणार. तसंच हे.

इथे एक शंका रास्त आहे. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये फाइली आपणहून साठवून ठेवतो, मग त्याचा तरी फायदा का दिसला नाही? कारण आमच्याकडे इनोडीबी_फ्लश_मेथड ही सेटिंग ओ_डायरेक्ट होती. तीत डेटाबेस डेटाफाइली वाचताना लिनक्सचा साठा वगळून थेट डिस्कशी बोलतो. एकच पान दोन ठिकाणी राहू नये म्हणून ही सेटिंग चांगलीच आहे, पण मग बफर पूल मोठा असावाच लागतो. ज्यांच्याकडे ही सेटिंग नाही त्यांना रॅम टाकल्यावर थोडा फरक जाणवतो आणि तेवढ्यावरच समाधान मानलं जातं.

पूल केवढा ठेवायचा? मायएसक्यूएलची अधिकृत शिफारस अशी की यंत्र फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. मी तितकं जात नाही. दिलेल्या आकड्यावर इनोडीबी स्वतःच्या व्यवस्थेसाठी साधारण १० टक्के आणखी मेमरी घेतो, हे त्यांच्याच माहितीत लिहिलेलं आहे. म्हणजे ८० म्हटलं की प्रत्यक्षात ८८ टक्के गेले. आमच्या सर्व्हरवर रात्री बॅकअप चालतो, स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांच्या फाइलीही त्यावरच असतात. मी २० जीबी दिले. ५.७.५ या आवृत्तीपासून हा आकडा डेटाबेस चालू असतानाच बदलता येतो, त्यामुळे काउंटर बंद न ठेवता काम झालं. पानांची संख्या ८१९२ वरून १३,१०,७२० झाली. लगेच नाही, पण दुपारपर्यंत पानं भरत गेली आणि पावती दोन सेकंदांवर आली. ताईंनी मान वर न करता फक्त "बरं झालं हो" म्हटलं आणि पुढचा टेंपो घेतला.

वीज गेली, आकडा जागेवर परत

नऊ दिवसांनी परत तोच फोन. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, वारा सुटला होता, वीज पहाटेपर्यंत नव्हती. कोकणात हे कोणाला समजावून सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. साध्या वळवाला एखादी रात्र जाणं तर नेहमीचंच. यूपीएसनं जेवढं जमलं तेवढं केलं आणि सर्व्हर बंद पडला.

मी आकडा विचारला. १३४२१७७२८.

चूक माझीच होती. मी बदल सेट ग्लोबल या आज्ञेनं केला होता. ती डेटाबेस चालू आहे तोवरच टिकते. बंद होऊन परत चालू झाला की तो सेटिंगच्या (कॉन्फिगरेशन) फाइलीतलं वाचतो, आणि फाइलीत काहीच लिहिलेलं नव्हतं. "मागच्या आठवड्यात नीट केलं होतं आणि आता परत तसंच झालं" ही जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा एवढंच असतं. बदल झाला, लिहून ठेवला गेला नाही.

लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो. कॉन्फिगरेशन फाइलीत ही ओळ मायएसक्यूएलडी या चौकटी कंसातल्या शीर्षकाखालीच हवी. शेवटचा "डी" गाळून मायएसक्यूएल या शीर्षकाखाली लिहिली, तर सर्व्हर ती ओळ बघतही नाही. ते शीर्षक क्लायंटचं, म्हणजे सर्व्हरला जोडून घेणाऱ्या प्रोग्रामचं आहे. विंडोजवर ही फाइल प्रोग्रामडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते आणि लोक दुसऱ्याच फोल्डरमधली तशीच दिसणारी फाइल बदलत बसतात.

८.० पासून सेट पर्सिस्ट ही आज्ञा आली. तिनं बदल लगेच लागू होतो आणि डेटाच्या फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो नावाच्या फाइलीत लिहिलाही जातो. सोयीची आहे, पण ध्यानात ठेवा, ही फाइल सगळ्यात शेवटी वाचली जाते. पुढे कधी कोणी मूळ फाइलीत आकडा बदलला तर ऑटो फाइलीतला जुना आकडाच जिंकतो, आणि तो माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवा. मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) असेल तर ही आज्ञा तिथे नाही, फाइलच गाठायची.

आणि बदल केल्यावर डेटाबेस एकदा बंद-चालू करून आकडा परत विचारायचा. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर पाच मिनिटांचं काम आहे. ते मी पहिल्या दिवशी केलं असतं तर नऊ दिवसांनी चौदा टेंपो उन्हात उभे राहिले नसते.

आकडा बरोबर, तरी सकाळचे दोन तास मंद

यानंतर वीज गेली तेव्हा आकडा जागेवर होता, २० जीबी. तरी सकाळी नऊ ते अकरा तीच रखडपट्टी आणि अकरानंतर आपोआप सुरळीत. हे दुखणं ओळखायला सोपं आहे. पूल मोठा आहे, पण रिकामा आहे. डेटाबेस नव्यानं उभा राहिला की त्याच्या मेमरीत काही नसतं. प्रत्येक बागायतदाराचं खातं पहिल्यांदा उघडताना डिस्कवरूनच येतं.

मायएसक्यूएलमध्ये यावर सोय आहे आणि ५.७ पासून ती मुळातच चालू असते. बंद होताना पूलमध्ये कोणती पानं होती त्यांची यादी आयबी_बफर_पूल नावाच्या फाइलीत लिहायची, आणि चालू होताना त्या यादीप्रमाणे पानं मागच्या मागे भरून घ्यायची. फाइलीत नुसते पानांचे पत्ते असतात, डेटा नसतो, म्हणून ती लहान असते. मग आमच्याकडे ही सोय कामाला का आली नाही?

कारण यादी लिहिली जाते ती नीट बंद होताना. वीज एकाएकी गेली की लिहायला वेळच मिळत नाही. चालू होताना जी यादी वाचली जाते ती मागच्या नीट बंद झालेल्या दिवसाची, आमच्या बाबतीत मार्चमधली. मार्चमध्ये हंगाम नुकता सुरू होत असतो. त्या यादीत एप्रिलच्या कामाचं काय असणार? शिवाय मूळ सेटिंगप्रमाणे यादीत सगळी पानं येत नाहीत, सगळ्यात ताजी २५ टक्केच येतात.

मी दोन गोष्टी केल्या. इनोडीबी_बफर_पूल_डंप_पीसीटी २५ वरून ७५ केलं. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवायची लिनक्सची सोय) दर तासाला इनोडीबी_बफर_पूल_डंप_नाऊ चालवायला लावलं. आता वीज कधीही जावो, यादी फार तर तासाभराची जुनी असते. पुढे यूपीएसची यूएसबी तारही सर्व्हरला जोडून घेतली, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो स्वतःच नीट बंद होतो. दोन तासांची रखडपट्टी दहा-बारा मिनिटांवर आली आणि तेवढा वेळ ताई येईपर्यंत निघून जातो.

जूनमधला हिरवा ठिपका

आवक मेअखेर संपते. कॅनिंगचा आंबाही पावसाच्या आधी उरकतो. जूनमध्ये काम असतं ते बागायतदारांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, काढायचं आणि वर्षाचे हिशेब जुळवायचं. पावसाला सुरुवात होऊन पंधरा दिवस झाले असतील. फोन आला, पण या वेळी तक्रार जरा निराळी होती: "सकाळी चांगलं चालतं, दुपारी जेवून आलो की अडकतं."

सकाळी मंद आणि दुपारी ठीक, तर पूल गार, म्हणजे रिकामा आहे. सकाळी ठीक आणि दुपारी मंद, तर मेमरी कुठेतरी संपते आहे. हा फरक ताईंनी सांगितला म्हणून मी योग्य जागी गेलो. फ्री ही आज्ञा जीबीत चालवली. एकूण मेमरी ३१ दिसायला हवी होती (३२ पैकी थोडी यंत्र स्वतःकडे ठेवतं), दिसली १५. व्हीएमस्टॅट चालवलं तर एसआय आणि एसओ या दोन रकान्यांत, जिथे शून्य असावं तिथे, आकडे सतत धावत होते. म्हणजे सर्व्हर रॅममधलं डिस्कवर टाकत होता आणि परत उचलत होता. १६ जीबीच्या यंत्रावर २० जीबीचा पूल सांगितलेला, आणि लिनक्स तो सांगताना अडवत नाही. सकाळी पूल अर्धा भरलेला असतो तोवर चालतं. भरत गेला की ही डिस्कवरची उचलठेव, म्हणजे स्वॅप, सुरू होतो. आणखी ताण आला असता तर लिनक्सनं मेमरी सोडवण्यासाठी मायएसक्यूएललाच मारलं असतं. असं झालं की डीमेसेजच्या नोंदीत "आउट ऑफ मेमरी" लिहिलेलं सापडतं, तेही बघून घ्यावं.

यंत्रात काय काय बसवलंय ते सांगणाऱ्या डीएमआयडीकोड या आज्ञेनं रॅमच्या दुसऱ्या खाचेत "नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड" दाखवलं. सर्व्हर बंद केला, तार काढली, चालू-बंदचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेट उघडून पट्टी बाहेर काढली आणि खिडकीजवळ नेली. सोनेरी दातांच्या ओळीत डावीकडून सातव्या-आठव्या दाताच्या मुळाशी मोहरीएवढाही नाही असा हिरवट ठिपका होता, आणि शेजारच्या तीन दातांवर मळकट पापुद्रा. बोटानं लागत नव्हता, तिरप्या उजेडातच दिसत होता. खाडीपासून सोसायटी हाकेच्या अंतरावर, सर्व्हरची खोली खिडकी उघडी ठेवून गार केली जाते. दातांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो. खाऱ्या दमट हवेतलं मीठ त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोचतं आणि तो गंजतो.

पुष्कळ जण इथे खोडरबर घासतात. मी घासत नाही. त्यानं मळ जातो, पण उरलासुरला सोन्याचा थरही खरवडला जातो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, एका दिशेनं हलका हात, पूर्ण वाळू द्यायचं. खाचेत फक्त हवेचा डबा मारायचा. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबली, यंत्रानं ३२ जीबी ओळखले. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवला, एकही चूक नाही. ती पट्टी आजही चालू आहे. खोलीची खिडकी मात्र मी बंद करायला लावली आणि एसीसाठी कमिटीपुढे गेलो. या वेळी फोटो दाखवला, लगेच मंजुरी मिळाली.

जाता जाता: नवी पट्टी घेताना जुनीचा प्रकार बघूनच घ्या. सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्ट्या आणि साध्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, आणि डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही.

रॅम ज्यावर औषध नाही

गेल्या वर्षी परत रॅम वाढवायची टूम निघाली. या वेळी मी आधी इनोडीबी_बफर_पूल_पेजेस_फ्री हा आकडा काढला. पूर्ण दिवसाचं काम झाल्यावरही लाखभराहून जास्त पानं रिकामी. आहे तीच मेमरी पुरी भरत नसेल तर आणखी टाकून काय होणार? हा एक आकडा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

लोक "हिट रेशो ९९ टक्के" (मागितलेल्या पानांपैकी एवढी मेमरीतच सापडली) म्हणून निश्चिंत होतात किंवा "९५ च आहे" म्हणून घाबरतात. नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. एखाद्या अहवालाला दहा लाख पानं लागली आणि एक टक्का मेमरीत नसली, तर ती दहा हजार वाचनं झाली. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क इकडचं-तिकडचं वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनं करते. म्हणजे ९९ टक्के असूनही शंभर सेकंद. त्यापेक्षा काउंटर अडकलेलं असतानाच इनोडीबी_बफर_पूल_रीड्स हा आकडा दोनदा, मिनिटाच्या अंतरानं घ्या आणि वजाबाकी करा. डिस्कवर किती धावपळ चालली आहे ते तिथे कळतं. सर्व्हर अजून साध्या हार्ड डिस्कवर असेल तर माझं स्पष्ट मत आहे: पहिला खर्च एसएसडीवर करा.

त्या वेळी आमचा दोषी निघाला एक अहवाल. बागायतदाराच्या नावातला कुठलाही तुकडा टाइप केला की सगळ्या वर्षांच्या नोंदी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळणारा. शोध आधी खातेक्रमांकावर नेला, खातेक्रमांक आणि तारीख यांचा मिळून एक इंडेक्स बांधला. अर्ध्या तासाचं काम, खर्च काही नाही.

नोंद सेव्ह करायला वेळ लागत असेल तर तिथेही रॅम उपयोगी नाही, कारण प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का लिहिला जातो. इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट १ वरून २ केलं की वेग वाढतो हे खरं आहे. पण वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी जाऊ शकतात. आपल्याकडची वीज बघता, आणि ती नोंद कोणाच्या तरी पन्नास पेट्यांची असू शकते हे बघता, मी ते १ वरच ठेवतो.

जुने प्रोग्राम वापरणाऱ्यांनी टेबलं कोणत्या इंजिनवर आहेत तेही पाहावं. मायआयसॅम या जुन्या इंजिनवर असतील तर बफर पूल कितीही वाढवा, ती त्यात येतच नाहीत. आणि कुठेतरी वाचून सॉर्ट_बफर_साइज ६४ एमबी करून ठेवणाऱ्यांनी गुणाकार करून बघावा. ही मेमरी प्रत्येक जोडणीला वेगळी लागते. जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ आहे, सगळ्यांनी एकदम मागितली तर साडेनऊ जीबीच्या जवळ जातं. मूळ आकडा २५६ केबी आहे, आमचा तोच आहे.

आता कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. यंत्राला दिसणारी रॅम ३१, पूलचे बाइट्स २१४७४८३६४८०, स्वॅपचे दोन रकाने शून्य, रिकामी पानं किती ते त्या दिवशीच्या तारखेसह. ताईंना हे चार आकडे काढायला शिकवले आहेत. यंदा १२ एप्रिलला फोन आला तेव्हा त्यांनी आधी आकडे सांगितले आणि मग तक्रार. पूलचा आकडा बरोबर, रॅम १५. मी निघतानाच अल्कोहोलची बाटली पिशवीत टाकली.